वन्य प्राण्यांतील पिसाळ रोगाचे निवारण : युरोपातील तांबड्या खोकडाचा दाखला

पिसाळ रोगाचा विचार आपण सामान्यतः कुत्र्याच्या संदर्भात करतो. पाळीव कुत्र्याला धनी असतो. त्याला दोरीने बांधता येते, धरून लस टोचता येते, संशय आल्यास कोंडून ठेवून दहा दिवस पाहता येते. रानातील प्राण्याच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसते. तो कोठे राहतो, त्याच्या जातीची संख्या किती, तो निरोगी आहे की रोगी, हे आपणास बहुधा तो मेल्यावरच कळते. अशा प्राण्यांच्या समूहात हा रोग घर करून बसला, तर त्याचे निवारण कसे करावयाचे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील पशुवैद्यकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर त्यांनी बंदुकीने आणि विषारी वायूने देऊन पाहिले, ते फसले. दुसरे उत्तर कोंबडीच्या मुंडक्यात दडविलेल्या लशीने दिले, ते साधले. पहिले का फसले आणि दुसरे का साधले, याची मीमांसा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्या मीमांसेतून निघणारा मुख्य सिद्धांत असा की, या रोगाच्या निवारणात मारलेल्या जनावरापेक्षा प्रतिकारक्षम होऊन जगलेले जनावर अधिक उपयोगी पडते.

प्रारंभी नावासंबंधी एक खुलासा करणे अवश्य आहे. इंग्रजीतून भाषांतर करताना युरोपातील या प्राण्यास पुष्कळदा 'कोल्हा' म्हटले जाते. परंतु मराठीत कोल्हा हे नाव ज्या प्राण्याचे आहे, तो लांडगा व कुत्रा यांच्या वंशातील होय. युरोपातील प्राणी निराळ्या, म्हणजे व्हल्पिस या वंशातील आहे. आपल्या माळरानावर बिळे करून राहणारे लहानसे खोकड त्याच वंशातील. म्हणून या लेखात त्यास 'तांबडे खोकड' असे म्हटले आहे.

१. रोग आणि त्याचे आश्रयस्थान

पिसाळ रोगाचा विषाणू लाळेतून बाहेर पडतो आणि चाव्याच्या जखमेतून दुसऱ्या शरीरात शिरतो. तेथून तो मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे जातो, मेंदूत वाढतो, आणि पुन्हा तंतूंच्याच मार्गाने लाळग्रंथीत उतरतो. या प्रवासास आठवडे, क्वचित महिने लागतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र मृत्यू थोड्याच दिवसांत येतो. विषाणूच्या दृष्टीने पाहिले तर त्याची सारी भिस्त या थोड्या दिवसांवर असते. रोगी जनावराने मरण्यापूर्वी निदान एका निरोगी जनावरास चावले पाहिजे. नाही तर साखळी तेथेच तुटते.

सर्व सस्तन प्राण्यांस हा रोग होऊ शकतो. परंतु सर्वांमध्ये तो टिकून राहू शकत नाही. गाय पिसाळते आणि मरते; तिच्यापासून दुसऱ्या गाईस रोग होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ज्या जातीत रोग बाहेरच्या मदतीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो, ती जात त्या रोगाचे आश्रयस्थान होय. इतर जाती केवळ बळी असतात. आश्रयस्थान आणि बळी यांतील हा भेद नियंत्रणाच्या सर्व विचाराचा पाया आहे. बळी ठरलेल्या जातीत कितीही उपाय केले, तरी आश्रयस्थान अबाधित असल्यास रोग परत येत राहतो.

हा भेद ठरविण्याची साधने क्रमाक्रमाने हाती आली. १९०३ मध्ये नेग्री यांनी मेंदूच्या पेशींतील विशिष्ट पिंड दाखविले. १९५८ मध्ये गोल्डवासर व किसलिंग यांनी प्रकाशमान प्रतिपिंडांची कसोटी मांडली आणि रोगनिदान विश्वसनीय व शीघ्र झाले. त्यानंतर १९७८ पासून एकाच साच्याच्या प्रतिपिंडांच्या साह्याने, व पुढे जनुकीय रचनेच्या वाचनाने, एखाद्या मृत जनावरातील विषाणू मुळात कोणत्या जातीत फिरणारा आहे हे सांगता येऊ लागले. एखादे रानमांजर पिसाळून मेले, तर त्यास झालेला रोग खोकडाकडून आला की कुत्र्याकडून, याचा निवाडा आज प्रयोगशाळेत होऊ शकतो.

२. युरोपातील साथ

युरोपात कुत्र्यांमधील पिसाळ रोग नोंदणी, मुसक्या, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त आणि लस या उपायांनी पुष्कळसा आटोक्यात आला होता. अशा वेळी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, पोलंड व रशिया यांच्या सीमाप्रदेशात हा रोग तांबड्या खोकडांत पसरू लागल्याचे दिसून आले. तेथून ही साथ वर्षाला सुमारे २० ते ६० किलोमीटर या वेगाने पश्चिमेकडे व दक्षिणेकडे सरकत गेली. १९६४ मध्ये ती डेन्मार्कमध्ये पोहोचली. १९६६ मध्ये ऑस्ट्रिया, बेल्जियम व लक्झेंबर्ग येथे. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९६८ मध्ये फ्रान्समध्ये.

या साथीची आघाडी एखाद्या लाटेसारखी चालत असे. लाट येताच त्या भागातील खोकडे मोठ्या संख्येने मरत. मग काही काळ शांतता. तीन ते पाच वर्षांनी, खोकडांची संख्या पुन्हा भरून आली की रोगाची दुसरी लाट उठे. खोकडाच्या चाव्याने गाईगुरे, मेंढ्या, मांजरे, हरणे व बिज्जू यांना रोग होई, आणि त्यांच्यामार्फत तो माणसाच्या अंगणापर्यंत येई. माणसांचे मृत्यू थोडे होते, कारण चावा झालेल्यांस वेळेवर लस मिळत होती. परंतु पिसाळलेल्या जनावराशी संबंध आल्यामुळे लस घ्यावी लागलेल्यांची संख्या दरवर्षी हजारोंच्या घरात असे, आणि ज्या खेड्यांभोवती रान आहे त्या खेड्यांतील लोकांच्या मनावर या रोगाची सावली कायम पडलेली असे.

३. संहाराचा मार्ग

प्रथम सुचलेला उपाय सरळ होता. खोकडे कमी झाली म्हणजे रोग कमी होईल. शिकाऱ्यांस बक्षिसे देण्यात आली. सापळे लावले गेले. विषाचे तुकडे टाकण्यात आले. बिळांमध्ये विषारी वायू सोडण्यात आला. वायूच्या या प्रयोगाने खोकडांबरोबर त्याच बिळांत राहणारे बिज्जूही मेले, आणि जर्मनीसारख्या देशात त्यांची संख्या चिंताजनक प्रमाणात घटली.

रोगाची आघाडी मात्र बहुतेक ठिकाणी थांबली नाही. डेन्मार्कमध्ये जटलंडच्या द्वीपकल्पावर, जेथे जमिनीची सीमा अरुंद आहे तेथे, सतत व कसून केलेल्या संहाराने रोग रोखून धरता आला. परंतु तो अपवाद होय. अन्यत्र अपयश का आले, याचे कारण खोकडाच्या जीवनक्रमात आहे. मादीला वर्षाकाठी सरासरी चार-पाच पिल्ले होतात. प्रत्येक जोडीचे आपले क्षेत्र ठरलेले असते आणि शेजाऱ्याला तेथे थारा नसतो. क्षेत्राचा मालक मारला की ती जागा रिकामी होते. शरद ऋतूत आईबापांपासून वेगळी होणारी तरुण खोकडे दूरवरून येऊन ती बळकावतात. या हालचालीत नव्या जनावरांच्या गाठी पडतात, भांडणे होतात, चावे होतात. येणाऱ्यांपैकी एखादे आपल्या अंगात रोग घेऊन येते. जी मरतात त्यांच्या जागी अन्न व निवारा यांचा वाटा मोकळा झाल्याने उरलेल्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. संहाराने जी पोकळी निर्माण होते, ती भरून काढण्याचे सामर्थ्य या जातीत उपजतच आहे.

४. उंबरठ्याचे गणित

या अनुभवाला गणिती रूप १९८१ मध्ये रॉय अँडरसन, रॉबर्ट मे व त्यांचे सहकारी यांनी दिले. त्यांच्या प्रतिकृतीतील मूळ कल्पना साधी आहे. एक रोगी खोकड मरण्यापूर्वी सरासरी जितक्या निरोगी खोकडांस रोग देते, त्या संख्येस आपण 'र' म्हणू. 'र' एकापेक्षा अधिक असेल तर साथ वाढते. एकाहून कमी झाला तर ती विझते. खोकडांची वस्ती जितकी दाट, तितक्या गाठीभेटी अधिक, आणि 'र' तितका मोठा. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दर चौरस किलोमीटरमागे सुमारे एक खोकड, हा रोग टिकण्याचा उंबरठा होय. घनता त्याखाली गेली की रोगाची साखळी आपोआप तुटते.

समजा, एखाद्या प्रदेशात दर चौरस किलोमीटरला दोन खोकडे आहेत. तेथे 'र' सुमारे २ येईल. घनता चार असल्यास 'र' सुमारे ४. आता समूहातील काही खोकडे प्रतिकारक्षम केली, तर रोगी खोकडाच्या चाव्यांपैकी तितका हिस्सा वाया जातो. साथ विझण्यासाठी प्रतिकारक्षम असावयाचा किमान हिस्सा '१ वजा १/र' इतका येतो. म्हणजे पहिल्या प्रदेशात निम्मी व दुसऱ्या प्रदेशात तीन-चतुर्थांश खोकडे प्रतिकारक्षम झाली पाहिजेत.

येथे वाचकाच्या लक्षात एक गोष्ट येईल. संहार केला तरी दुसऱ्या प्रदेशात चारांपैकी तीन खोकडे नाहीशी करावी लागतात. लस दिली तरी चारांपैकी तिघांना द्यावी लागते. प्रमाण तेच आहे. मग लशीचे श्रेष्ठत्व कशात? ते कालावधीत आहे. मारलेल्या खोकडाची जागा येत्या हंगामात नवे, रोगास पात्र असे खोकड घेते; सबब तोच संहार पुनःपुन्हा करावा लागतो. लस मिळालेले खोकड आपल्या क्षेत्रावर तसेच राहते, परक्या खोकडास तेथे येऊ देत नाही, आणि रोगी खोकडाच्या चाव्याने स्वतः रोगी होत नाही. त्याचे क्षेत्र हेच रोगाच्या वाटेतील बंद दार होते. मारणारा मनुष्य जी जागा उघडी करतो, तीच जागा लस देणारा मनुष्य राखणदारासह बंद करतो.

अर्थात हे गणित ढोबळ आहे. खोकडांच्या भेटीगाठी केवळ घनतेवर अवलंबून नसतात; ऋतू, भूप्रदेश व अन्नाची विपुलता यांचाही परिणाम होतो. तथापि किती लस पुरेशी, या प्रश्नास यामुळे पहिल्यांदा मोजता येण्याजोगे उत्तर मिळाले.

५. तोंडावाटे लस

परंतु रानातील खोकडास लस टोचणार कोण? त्यांना पकडून टोचणे हे थोड्या संख्येपुरतेच शक्य. लस खाद्यातून पोहोचवावी, हा विचार यातून पुढे आला. त्यात अडचण अशी की, गिळलेली लस जठरातील आम्लाने निकामी होते. अमेरिकेत जॉर्ज बेअर व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, दुर्बल केलेला जिवंत विषाणू तोंडातील व घशातील श्लेष्मल त्वचेच्या संपर्कात आला, तर खोकडात प्रतिकारशक्ती उत्पन्न होते. म्हणजे लस पोटात जाऊन उपयोग नाही. ती तोंडातच फुटली पाहिजे. मृत विषाणूची लस या मार्गाने गुण देत नाही.

या कामी वापरलेल्या विषाणूचा वंश अलाबामा राज्यातील एका पिसाळलेल्या कुत्र्यापासून १९३५ मध्ये मिळविलेला होता. 'एसएडी' या नावाने तो ओळखला जातो. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे फ्रान्झ श्टेक व अलेक्झांडर वांडेलर यांनी त्याची पेशीसंवर्धनात वाढविलेली लस तयार केली. ती द्रवरूपात एका लहान कुपीत भरली, आणि ती कुपी कोंबडीच्या मुंडक्याच्या कातडीखाली बसविली. खाटिकखान्यातून फुकट जाणारे कोंबडीचे मुंडके खोकडास आवडते, आणि ते चावून फोडल्याशिवाय त्यास खाता येत नाही. चावताना कुपी फुटते व लस तोंडभर पसरते. या योजनेतील शहाणपण प्रयोगशाळेतील ज्ञानाइतकेच खोकडाच्या जेवणाच्या रीतीच्या निरीक्षणातून आलेले आहे.

६. ऱ्होन खोऱ्यातील प्रयोग

पहिला मैदानी प्रयोग १७ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वित्झर्लंडमधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात करण्यात आला. जागेची निवड विचारपूर्वक होती. दोन्ही बाजूंस आल्प्सच्या उंच रांगा. खोकडे त्या सहसा ओलांडत नाहीत. खोरे हीच काय ती रोगाच्या प्रवासाची वाट. रोगाची आघाडी जिनीव्हा सरोवराच्या बाजूने खोऱ्यात वर सरकत होती. तिच्या पुढे, रोग अद्याप न पोहोचलेल्या पट्ट्यात, ३३५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर ४,०५० मुंडकी टाकण्यात आली. म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे सुमारे बारा.

रोग त्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. खोऱ्याचा वरचा भाग निर्वेध राहिला. जंगलात एकाही खोकडास हात न लावता, त्यांच्याच समूहाची एक भिंत रोगापुढे उभी करता येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये एकामागून एक खोरी याच रीतीने बंद करण्यात आली. श्टेक यांचा १९८२ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात अंत झाला. आपल्या योजनेचे पूर्ण फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही.

७. योजनेची सुधारणा

१९८३ मध्ये जर्मनीत प्रयोग सुरू झाले. हजारो मुंडक्यांत हाताने कुपी बसविणे हे मोठ्या प्रमाणावर झेपण्याजोगे नव्हते. म्हणून चरबी व मासळीची भुकटी यांपासून यंत्राने बनविलेली आमिषे १९८५ च्या सुमारास वापरात आली. ती विमानातून व हेलिकॉप्टरमधून टाकता येत. दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस आमिषे, वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, असा क्रम रूढ झाला. दोन वेळा टाकण्याचे कारण असे की, दर वसंतात जन्मलेली पिल्ले समूहात रोगास पात्र अशा जनावरांची नवी भर घालतात. वसंतातील पहिल्या आमिषांच्या वेळी ती लहान असल्यामुळे वगळली जातात. शरदातील आमिषांनी ती गाठता येतात.

आमिषे खाल्ली गेली की नाही, हे कसे ओळखावयाचे? आमिषात टेट्रासायक्लिन हे औषध मिसळण्यात आले. ते हाडांत व दातांत साठते, आणि जंबुपार किरणांखाली पिवळसर चमकते. शिकाऱ्यांनी मारलेल्या खोकडाच्या दाताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की त्याने आमिष खाल्ले होते की नाही ते कळते. रक्तातील प्रतिपिंडांवरून लस लागू पडली की नाही ते कळते. या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या असता दोष कोठे आहे हे उमगते. दातांत खूण आहे पण रक्तात प्रतिपिंड नाहीत, तर लस बिघडलेली, बहुधा उष्णतेने. खूणच नाही, तर आमिष पोहोचले नाही किंवा दुसऱ्याच प्राण्याने पळविले. मोहिमेचे यश केवळ टाकलेल्या आमिषांच्या संख्येवरून मोजू नये, हा धडा यातून मिळाला.

लशीतही सुधारणा झाली. मूळ एसएडी वंशाच्या लशीने काही उंदरांच्या जातींत क्वचित रोग उत्पन्न होण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी दोन उत्परिवर्तनांनी अधिक दुर्बल केलेला विषाणू निवडण्यात आला. दुसऱ्या बाजूने, पिसाळ रोगाच्या विषाणूच्या बाह्य आवरणातील ग्लायकोप्रथिनाचे जनुक देवीच्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणूत बसवून एक संकरित लस १९८४ मध्ये तयार झाली. हिच्यात पिसाळ रोगाचा पूर्ण विषाणू नसल्यामुळे तिच्यापासून तो रोग होणे शक्य नाही. शिवाय ती उष्णता अधिक सोसते. बेल्जियममध्ये १९८७ पासून तिचे मैदानी प्रयोग झाले. अर्थात जिवंत विषाणू रानात टाकणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. २००० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात आपल्या कुत्र्याच्या तोंडातील आमिष काढून घेताना एका स्त्रीला चावा झाला व व्हॅक्सिनियाचा संसर्ग झाला. अशा घटना विरळा असल्या, तरी आमिषावर सूचना छापणे व लोकांस आगाऊ माहिती देणे हे मोहिमेचेच अंग मानले पाहिजे.

८. फलश्रुती आणि शेवटचा टप्पा

१९८९ पासून युरोपीय समुदायाने या मोहिमांस आर्थिक साह्य दिले. त्यानंतर रोगाचा नकाशा झपाट्याने आकसत गेला. फिनलंडमध्ये १९८८ मध्ये रकून-कुत्र्यांत उद्‌भवलेली साथ आमिषांच्या मोहिमेने लवकरच विझविली गेली व १९९१ मध्ये तो देश रोगमुक्त ठरला. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये, फ्रान्स व बेल्जियम २००१ मध्ये, आणि जर्मनी व ऑस्ट्रिया २००८ मध्ये रोगमुक्त जाहीर झाले. ज्या साथीस संहाराने दोन-तीन दशके थांबविता आले नव्हते, ती पश्चिम युरोपातून नाहीशी झाली.

यातील शेवटचा टप्पा सर्वात अवघड ठरला, आणि त्याची कारणे अभ्यासण्याजोगी आहेत. पहिले कारण असे की, रोग हटला की खोकडे मरेनाशी होतात आणि त्यांची संख्या वाढते. वर दिलेल्या गणिताप्रमाणे घनता वाढली की 'र' वाढतो आणि प्रतिकारक्षम असावयाचा हिस्साही वाढतो. यशाबरोबर यशाची किंमत चढत जाते. म्हणून रोग दिसेनासा होताच हात आखडता घेणे धोक्याचे. दुसरे कारण भूगोलाचे आहे. जर्मनीत हेसे राज्यातील दाट वस्तीच्या भागात रोग अखेरपर्यंत रेंगाळला, कारण घरे, रस्ते व बागा यांवर विमानातून आमिषे टाकता येत नव्हती. आणि नेमक्या त्याच बागांत खोकडे सुखाने राहत होती. तेथे माणसांनी हाताने आमिषे ठेवली तेव्हा २००६ मध्ये खोकडातील शेवटच्या रोगाची नोंद झाली. तिसरे कारण सीमांचे. इटली १९९७ मध्ये मुक्त झाला होता. २००८ मध्ये ईशान्य सीमेवरून रोग परत आला व पुन्हा मोहीम करावी लागली. पोलंडमध्ये २०२१ मध्ये वॉर्साभोवतालच्या माझोव्हिया प्रांतात रोगाने पुन्हा डोके वर काढले. म्हणूनच पूर्व सीमेलगत प्रतिकारक्षम खोकडांचा एक पट्टा वर्षानुवर्षे राखावा लागतो.

९. इतर जातींतील अनुभव

एका जातीस लागू पडलेली योजना दुसऱ्या जातीस जशीच्या तशी लावता येत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्याच्या मध्यभागी रकूनांमध्ये रोग पसरला. शिकारीसाठी दक्षिणेकडून आणून सोडलेल्या रकूनांबरोबर तो आला, असे मानले जाते. रकूनांची वस्ती खोकडांहून कितीतरी दाट. त्यामुळे आमिषेही पुष्कळ अधिक लागतात. स्कंक या प्राण्यावर व्हॅक्सिनियाच्या संकरित लशीचा परिणाम कमी होतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात त्यांना सापळ्यात धरून, टोचून पुन्हा सोडण्याची पद्धतही अवलंबावी लागली. टेक्सासमध्ये कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्यात कुत्र्याच्या प्रकारचा विषाणू शिरला होता. १९९५ पासून आमिषे टाकून तो निपटण्यात आला, आणि २००७ मध्ये अमेरिका कुत्र्याच्या प्रकारच्या विषाणूपासून मुक्त जाहीर झाली.

इथिओपियातील लांडग्यांचा दाखला याहून निराळा आहे. प्रौढ जनावरे पाचशेच्याही आत उरलेली ही जात स्वतः रोगाचे आश्रयस्थान नाही. धनगरांच्या कुत्र्यांपासून तिला रोग होतो. १९९१-९२ मध्ये व पुन्हा २००३ मध्ये बाले पर्वतात तिचे फार नुकसान झाले. दुसऱ्या खेपेस एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या अरुंद वाटांवरील कळपांना पकडून लस टोचण्यात आली व साथ पुढे जाऊ शकली नाही. येथे रोगाचे उच्चाटन हा हेतू नव्हता. जात नामशेष होऊ नये एवढाच होता. त्या हेतूसाठी समूहाचा थोडा हिस्सा प्रतिकारक्षम केला तरी पुरतो, असे त्या अनुभवावरून २००६ मध्ये मांडण्यात आले. पुढे येथेही तोंडावाटे लशीचा उपयोग सुरू झाला.

१०. आपल्या परिस्थितीचा विचार

युरोपातील या यशावरून आपल्याकडेही रानात आमिषे टाकावीत, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. भारतात पिसाळलेल्या कोल्ह्यांनी, लांडग्यांनी व मुंगसांनी माणसांस व गुरांस चावल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. परंतु आपल्याकडील रोगाचे मुख्य आश्रयस्थान कुत्रा आहे. जगात माणसांना होणाऱ्या पिसाळ रोगापैकी जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ९९ टक्के, कुत्र्यांमुळे होतो. दख्खनच्या माळावर धनगरांची मेंढरे, त्यांचे कुत्रे, गावाकडील मोकाट कुत्रे, लांडगे, कोल्हे व खोकडे एकाच भूमीवर वावरतात. अशा ठिकाणी लांडगा इथिओपियातील लांडग्यासारखा बळी ठरण्याचा संभव आहे. त्याचे रक्षण करावयाचे तर लस प्रथम कुत्र्यास दिली पाहिजे.

या दिशेने गोव्याचे उदाहरण नजीकचे आहे. तेथे जाळ्यांनी कुत्रे धरून व घरोघर जाऊन सुमारे ७० टक्के कुत्र्यांस दरवर्षी लस देण्याची मोहीम चालविण्यात आली, आणि २०२१ मध्ये राज्य पिसाळ रोगासाठी नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले. जे कुत्रे हाती लागत नाहीत त्यांच्यापर्यंत आमिषाने पोहोचता येईल काय, याचा लशीविना केलेला प्रयोगही तेथे झाला. कोंबडीच्या मुंडक्याची मूळ कल्पना अशा रीतीने रानातून रस्त्यावर आली आहे. कुत्र्यांमुळे होणारा पिसाळ रोग २०३० पर्यंत संपविण्याची राष्ट्रीय योजना आपल्या देशाने २०२१ मध्ये स्वीकारली. तिच्या अंमलबजावणीत, वन्य प्राण्यांतील नमुन्यांचे विषाणू कोणत्या प्रकारचे आहेत याची नोंद ठेवणे हे विद्यापीठीय संशोधकांनी करण्याजोगे काम आहे. कुत्र्यांतील रोग ओसरल्यावरही कोल्ह्यांत तो स्वतंत्रपणे टिकून आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींवाचून मिळणार नाही.

रानात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक सूचना ध्यानात ठेवावी. मृत वा आजारी जनावरास उघड्या हाताने स्पर्श करू नये. प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता उपचार घ्यावेत. आधी लस घेतलेली असली तरी हे उपचार टळत नाहीत.

११. समारोप

तांबड्या खोकडाच्या या वृत्तान्तातून वन्य प्राण्यांतील रोगनिवारणाविषयी तीन प्रश्न निष्पन्न होतात, आणि कोणताही उपाय योजण्यापूर्वी ते क्रमाने विचारले पाहिजेत. रोगाचे आश्रयस्थान कोणती जात आहे? त्या जातीचा जीवनक्रम, म्हणजे तिचे क्षेत्र, तिचा प्रजननकाळ व तिची खाण्याची रीत कशी आहे? आणि योजलेल्या उपायाने समूहातील रोगास पात्र जनावरांची संख्या खरोखर घटते, की केवळ जनावरांची अदलाबदल होते? युरोपातील पशुवैद्यकांनी हे प्रश्न विचारण्यापूर्वी दोन-तीन दशके खोकडे मारली, आणि रोग चालत राहिला. ते विचारल्यावर त्यांनी खोकडांस जगू दिले, आणि रोग थांबला. आपल्याकडे पिसाळलेला कोल्हा गावात शिरला की पहिली हाक काठीची उठते. त्या एका जनावराच्या बाबतीत ती अपरिहार्यही असेल. परंतु रोगाचा बंदोबस्त त्या काठीने होत नाही. तो गावातील कुत्र्यांच्या लसीकरणाने होतो, आणि त्याची सुरुवात कोल्हा येण्यापूर्वी व्हावी लागते.